कंटेनरचा कौल

आमच्या घरात फ्रिज उशिरा आला, कारण देवाने डावी दिली होती.

आम्ही मूळचे मालवणकडचे. गावच्या देवळात मोठी गोष्ट विचारून घ्यायची एक रीत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे अमुक करावं काय असं देवाला मोठ्याने विचारतो. मग सगळे टक लावून बसतात. देवाच्या उजव्या हाताकडची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या हाताकडची पडली तर नकार. याला कौल म्हणतात. फ्रिजच्या वेळी डावी पडली आणि आम्ही तो उन्हाळा माठावर काढला. शेजाऱ्यांनी त्याच सुमारास फ्रिज घेतला आणि तो दिवाळीत जळाला. त्यानंतर या विषयावर आईशी वाद घालण्यात काही अर्थ उरला नाही.

माझ्या लग्नाला उजवी मिळाली होती. बायको रागावली की म्हणते, "तुमच्या देवाने हो म्हटलं होतं, मला कुठे कोणी विचारलं?"

मी विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचो. तयार मालाचे खोके उचलायचे, धक्क्याला लागलेल्या कंटेनरमध्ये नेऊन रचायचे, कंटेनर भरला की दार लावून बाजूला व्हायचं. एवढंच काम, पण ते मी वर्षानुवर्षं केलं आणि चांगलं केलं. मग कंपनीला कळलं की हाच माल दुसऱ्या राज्यात स्वस्तात तयार होतो. आम्हाला हॉलमध्ये बोलावून केक कापला. केकवर 'थँक यू' लिहिलं होतं. माझ्या वाट्याला 'यू' आला.

घरी बसलेला माणूस घराला अडतो. बायको सकाळी घाटकोपरच्या लॅबमध्ये कामाला जायची, मग दोन खोल्यांत मी आणि आई उरायचो. ती केर काढायला आली की मी पाय वर घ्यायचो, ती गेली की खाली सोडायचो. आमच्या गॅलरीतून हायवे दिसतो. मी तिथे उभा राहून ट्रेलर बघायचो. मी चिडखोर माणूस आहे, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पण त्या महिन्यांत मी चिडायचंही सोडून दिलं होतं. वाहिनीवर कोण काय बडबडतंय याच्याशी मला घेणंदेणं राहिलं नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी जेवायचो. आई त्यालाच घाबरली असावी.

अशा वेळी मुलुंडहून मेव्हणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि जगात त्याला न कळणारी गोष्ट अजून सापडायची आहे. तो म्हणाला, "भावोजी, ट्रकला ड्रायव्हरच मिळत नाहीत सध्या. कंपन्या स्वतःच्या खर्चाने शिकवतात, राहायला देतात, हेवी लायसन्स काढून देतात, वर नोकरी. बदल्यात दोन-तीन वर्षं त्यांच्याकडेच गाडी चालवायची, असा बॉन्ड. तुमच्याकडे साधं लायसन्स आहेच की."

"वयाचं काय?"

"पंचेचाळीसच्या आत."

माझी पंचेचाळिशी तोंडावर आली होती. म्हणजे एकदाच, आणि आत्ताच. नापास झालो तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं. मग उरलेलं आयुष्य पाय वर घ्यायचे आणि खाली सोडायचे.

मेव्हण्याने तीन ठिकाणं शोधून ठेवली होती. पहिली कंपनी पार उत्तरेतली. तिच्या जाहिरातीत गॉगल लावलेला एक तरुण ट्रकला टेकून उभा होता आणि ड्रायव्हर हा शब्द कुठेच नव्हता. फोनवरची बाई मला 'कॅप्टन' म्हणत होती. ती बॉन्डबद्दल सांगत असताना आई शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "इचार, थंय भात गावता काय?"

मी विचारलं.

"रोटी अनलिमिटेड आहे, कॅप्टन," बाई म्हणाली.

ती कंपनी तिथेच बाद झाली.

दुसरं ठिकाण गोवंडीला होतं. कचऱ्याच्या गाड्या चालवणाऱ्या एका कंत्राटदाराचं ऑफिस. शिकायचं तिथेच, नंतर गाडी देवनारच्या डम्पिंगला नेऊन रिकामी करायची आणि रोज घरी यायचं. तिथला माणूस मला आवडला, कारण तो काही लपवत नव्हता.

"वासाचं काय?" मी विचारलं.

"आठवड्याभरात काही वाटत नाही."

"वास जातो?"

"वास कुठे जाणार? आपल्याला येत नाहीसा होतो."

तिसरं ठिकाण कळंबोलीला, बंदरातून कंटेनर नेणाऱ्या एका कंपनीचं. मोठ्या यार्डात शिकवतात, सोमवार ते शनिवार तिथेच राहायचं, रविवारी घरी. पास झालात तर ट्रेलर, आणि ट्रेलर नागपूरला जाईल नाहीतर हैदराबादला. यार्डाच्या फाटकातून एक लाल ट्रेलर आत शिरताना मी पाहिला. ड्रायव्हरने इतक्या सावकाश वळवला की वर बसलेल्या कावळ्याला उडावंसं वाटलं नाही.

मेव्हण्याने तिन्ही ठिकाणांना गुण दिले होते. गोवंडी पहिली आली होती. घरापासून अंतर, जेवण, झोप, तब्येत, सगळ्यात गोवंडी पुढे. 

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "ते गुण राहूदेत. तुम्हाला काय करायचंय?"

"कंटेनर."

"का?"

मला बरं कारण सुचलं नाही, म्हणून खरं ते सांगितलं. "इतकी वर्षं भरून दिले. कुठे जातात ते एकदा बघायचंय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात भात वाढला. आई म्हणाली, "देवाक इचारूया."

गावी जायला वेळ नव्हता, नाव नोंदवायची मुदत संपत आली होती. म्हणून आई आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवरच्या कौलाला तयार झाली. सकाळी न्हाऊन धुवट लुगडं नेसली, पाट मांडला, पाटावर फोन उभा केला. फोनला हळदकुंकू वाहणार होती, पण कॅमेरा झाकला जाईल म्हणून बायकोने थांबवलं. मेव्हणा मुलुंडहून खास आला होता. आम्ही सगळे फोनसमोर हात जोडून बसलो.

तिकडे फोन गुरवाच्या बायकोच्या हातात होता. आधी बराच वेळ तिचं नाक दिसत होतं. मग तिने फोन तसाच फिरवला आणि देव दिसला. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू मुंबैक असा, ह्येचो कामधंदो गेलोसा. आता ह्यो कंटेनरची गाडी शिकाक जातासा, तर ता बरा असात तर उजवी दी, नसात तर डावी दी आणि ह्येका सांभाळून घी, रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही विक्रोळीतून म्हणालो. भिंतीपलीकडून शेजारीणही म्हणाली.

मग सगळे गप्प. पाकळ्या हलेनात. आईचे ओठ हलत होते. आणि नेमकं चित्र थिजलं. फोनच्या मधोमध एक गोल फिरत राहिला. आम्ही त्या गोलासमोर हात जोडून बसलो. चित्र परत आलं तेव्हा आमच्या उजव्या बाजूची पाकळी जागेवर नव्हती. गुरवकाका वळून काहीतरी सांगत होते, पण आवाज येत नव्हता. कॉल तुटला. पुन्हा लावला तर रेंज नाही.

"डावी," आई म्हणाली. "देवाचो डावो हात."

ती म्हणाली ते बरोबर होतं. देव आपल्याकडे तोंड करून असतो, त्याचं डावं ते आपलं उजवं. मी पाय वर घेतले.

पण मेव्हणा होता. "थांबा, थांबा. काकूंनी फोन कसा धरला होता? आधी त्यांचं नाक दिसलं ना? म्हणजे सेल्फीचा कॅमेरा चालू होता. तो आरशासारखा उलटं दाखवतो. म्हणजे आपल्याला उजवीकडे दिसली ती खरी डावीकडे, आणि आपलं डावं म्हणजे देवाचं उजवं. उजवी आहे ही!"

आईला ते कळलं नाही. मलाही नाही. तेव्हा मेव्हणा उठला, भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "समजा, मी देव." त्याने दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक पाकळी ठेवली. बायकोने फोन त्याच्यासमोर धरला. "ताई, सेल्फी कॅमेरा लाव. आता बघा हां." तो श्वास रोखून, डोळे मिटून उभा राहिला, आणि वर पंखा चालू असल्याने दोन्ही पाकळ्या एकदमच उडाल्या. एक माझ्या चहात पडली.

मी हसलो. आवाज करून, मांडीवर थाप मारून हसलो. बायकोही हसायला लागली. मेव्हणा "प्रिन्सिपल तर समजून घ्या" म्हणत होता.

आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. मग पाटावरचा फोन उचलून पदराने पुसला आणि म्हणाली, "मगे उजवीच ती."

दुसऱ्या दिवशी मी कळंबोलीला नाव घातलं.

यार्डात आम्हा शिकणाऱ्यांमध्ये मीच वयाने मोठा, त्यामुळे सगळ्यांचा काका झालो. पहिले दिवस वर्गात गेले: चिन्हं, ब्रेक, टायर, झोप. मग एका खोलीत खोटा ट्रक होता, पडद्यावर रस्ता. त्यात मी एक घाट उतरलो आणि एक गाय वाचवली. मग खरा ट्रेलर. ट्रेलरच्या पुढच्या भागाला, जिथे इंजिन आणि ड्रायव्हर असतो, घोडा म्हणतात. मागे कंटेनर वाहणारी लांब ट्रॉली. दोन्ही एका खिळीवर जोडलेले, त्यामुळे मध्ये वाकतात. पुढे नेताना मला काहीच अडचण आली नाही. पहिल्यांदा त्या उंचीवर बसून यार्डात फेरी मारली तेव्हा मला फार आनंद झाला, इतका की मी कोणाशी बोललो नाही.

अडचण मागे नेताना आली. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. हे सगळ्यांनाच शिकावं लागतं. पण फोर्कलिफ्टची वळणारी चाकं मागे असतात, आणि माझ्या हातांना वर्षानुवर्षं मागच्या चाकांची सवय. डोक्याने बरोबर सांगावं, हातांनी आपलंच करावं. शिवाय मी मान वळवून मागे बघायचो. फोर्कलिफ्टवर मागे बघितल्यावर मागचं दिसतं. ट्रेलरवर मागे बघितल्यावर कंटेनर दिसतो.

आमचे प्रशिक्षक साताऱ्याकडचे, जाडजूड आणि शांत. वाट आखायला प्लास्टिकचे शंकू ठेवलेले असायचे; मी एकामागून एक शंकू आडवे करायचो आणि ते एकामागून एक उभे करायचे. पोरं दोन दिवसांत शिकली. एकदा प्रशिक्षकांनी शंकूच्या जागी स्वतःचा जेवणाचा डबा ठेवला आणि म्हणाले, "आता जपून घ्या." मी जपून घेतलं. त्या दिवशी त्यांनी वडापाव खाल्ला. 

रविवारी मी घरी यायचो. रविवार म्हणजे आमच्याकडे मासे, त्यात वाद नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्या घरात मासळी शिजत नाही, बाकीचे दिवस आई मासळीशिवाय जेवायला बसत नाही. वडील गिरणीत असताना संपाच्या दिवसांतही तिने कुठून कुठून सुकट आणून कालवण केलं होतं. बांगडा खावा तर तिने. डोक्यापासून सुरू करते, काटा न् काटा चोखून ताटाच्या कडेला ओळीने लावते, आणि तेवढा वेळ कोणाशी बोलत नाही.

एका रविवारी पाहिलं तर आईच्या ताटात वरणभात.

"बांगडा?"

"दातांत काटे अडाकतत."

पुढच्या रविवारी पापलेट होतं, ज्यात अडकायला काही नसतं. आई म्हणाली, ताजं नाही. तिनेच सकाळी कोळणीशी भांडून, कल्ले उघडून बघून आणलं होतं. बायकोने सांगितलं की मी नसताना आठवडाभरही हेच चालतं. तिच्याही आधी लक्षात आलं नव्हतं, कारण तीन दिवस तर सगळ्यांचेच बिनमाशांचे. तिने सुट्टी टाकून आईला घाटकोपरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, आजींचे दात तुमच्यापेक्षा चांगले आहेत. आई म्हणाली, डॉक्टर लहान आहे, त्याला काय समजतं.

आम्ही म्हाताऱ्या माणसाचं लहरी वागणं म्हणून सोडून दिलं. माझ्या डोक्यात तेव्हा ट्रॉलीशिवाय दुसरं काही नव्हतं.

मग कंपनीची परीक्षा झाली. दोन कंटेनरच्या मधल्या जागेत ट्रेलर मागे घालायचा. मी तो एका कंटेनरला टेकवला. आवाज फार मोठा झाला नाही, पण सगळ्या यार्डाने ऐकला. प्रशिक्षकांनी सांगितलं, "पुढल्या शनिवारी अजून एक संधी. ती शेवटची."

त्या रविवारी मी घरी आलो तो जुन्या सवयीने चिडलेला. आईने विचारलं, "काय रे, मागे नेवक जमाक लागला?"

"नाही जमत. बहुतेक हाकलतील."

 मी ताट सरकवलं आणि तिच्यावरच घसरलो. "तुझ्या देवाने उजवी दिली होती ना? मग? त्यालाही ट्रेलर मागे घेता येत नाही वाटतं."

एरवी देवाबद्दल असं बोललो असतो तर तिने हातातलं उलथनं दाखवलं असतं. ती खाली बघत म्हणाली, "तुका जमतला." मग वरणभातही तसाच ठेवून आत जाऊन आडवी झाली. बायकोने माझं सरकवलेलं ताट उचलून नेलं.

सोमवारी प्रशिक्षकांनी घोड्याच्या मागच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. "मान वळवायची नाही. आरशात बघा." मग माझे दोन्ही हात धरून स्टिअरिंगच्या वरून खाली आणले. "खालून धरा. ट्रॉली जिकडं न्यायची, तिकडं हात न्या. विचार करू नका."

मी खालून धरलं. ट्रॉली डावीकडे हवी होती, हात डावीकडे नेले. ट्रॉली डावीकडे गेली.

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

"सांगितलं होतं. तुम्ही मागं बघत होता."

शनिवारी मी ट्रेलर दोन कंटेनरच्या मध्ये घातला. दोन्ही बाजूंना सारखी जागा राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकांनी आपला नवा डबा शंकूजवळून उचलला आणि जेवायला गेले. नंतर आरटीओची चाचणी झाली, हेवी लायसन्स आलं, कंपनीचं पत्र आलं. मी गॅलरीत उभा राहून हायवे बघितला आणि यावेळी आत यायची घाई केली, कारण दुसऱ्या दिवशी मला कामावर जायचं होतं.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी कळंबोलीहूनच गुरवकाकांना फोन लावला. देवाला नारळ ठेवायला सांगावा आणि आईला घरी गेल्यावर ती बातमी द्यावी, एवढाच विचार. रेंज चक्क होती.

"काका, जमला सगळा. देवान उजवी दिल्यान ती खरी झाली."

तिकडून काही बोलणं आलं नाही. मला वाटलं पुन्हा गोल फिरतोय.

"उजवी खयची रे?" काका म्हणाले. "डावी होती ती."

मी सेल्फी कॅमेऱ्याचं सांगितलं.

"कॅमेऱ्याचा माका काय सांगतंस? मी देवाच्या पायाकडे बसलेलंय. डावी पडली. तुझ्या आवशीक त्याच सांजेक फोन करून सांगलंय मी. तुका बोलली नाय?"

"नाही."

"माका म्हणाली, रवांदे, कोणाक सांगू नको. मी म्हटलंय, गो, देव नाय म्हणता. तर म्हणता कशी, कितक्या दिसांनी हसलो माझो झिल. त्येका मी आता नाय सांगूचंय नाय. देवाचा काय ता मी बघतंय."

"बघतंय म्हणजे?"

"म्हणजे दुसरा गाऱ्हाणा घालूक लावल्यान माका, त्याच फोनार. झिल पयली खेप करून घराक येयसर, आणि मगे तो रस्त्यार असात तेवा, मी मासो तोंडात घालूचंय नाय, तू त्येका सांभाळ. असा." पुढे काका म्हणाले, "देवाक असली अट घालणारी बाई मी नाय बघूक. पण घातलंय. आता नारळ ठेवू काय?"

"ठेवा," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी यार्डातल्या टायरवर बसून राहिलो. जिने फ्रिजसाठी देवाचा शब्द मोडला नाही, तिने झिलासाठी, म्हणजे माझ्यासाठी, मोडला होता, आणि मोडून, मासे सोडून, एकटीच भीत बसली होती. मी शंकू पाडत होतो तेव्हा, कंटेनरला ट्रेलर टेकवला तेव्हा, तिला वाटत असणार की हे देवाचं चाललंय. आणि मी तिला विचारलं होतं, तुझ्या देवाने उजवी दिली ना. मला रडू आलं. एका पोराने विचारलं, "काका, काय झालं?" मी म्हणालो, "धूळ." कळंबोलीला धूळ भरपूर आहे, त्याला पटलं.

मला कळलंय हे मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "गप रव" म्हणाली असती. बायकोला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी आईच्या वरणावर न विचारता तूप जास्त घातलं.

पहिली खेप नागपूरची निघाली. आई दारापर्यंत आली, हातावर दही घातलं, म्हणाली, "पोचलंस की फोन कर. जेवलंस की फोन कर." मी जाताना पाहिलं, ओट्यावर डाळ शिजत होती. मंगळवार होता.

बंदरातून कंटेनर उचलला, कसारा घाट चढलो, पुढे रस्ता सरळ होता आणि मी फार खूश होतो. नागपूरच्या बाहेर एका आवारात ट्रेलर मागे घेऊन धक्क्याला लावला, एका प्रयत्नात. एक फोर्कलिफ्टवाला आला, दार उघडून खोके उतरवायला लागला. त्याने माझ्याकडे वर बघितलंही नाही. मीही कधी बघत नसे. तर माल कुठे जातो हे मी शेवटी पाहिलं. दुसऱ्या गोदामात जातो.

परत येऊन मी ऑफिसात सांगितलं की मला शक्यतो नाशिक-पुण्याच्या जवळच्या खेपा द्या.

"नागपूरला काय वाईट होतं?" तिथला माणूस म्हणाला.

"काही नाही. लांब आहे."

"ते लांबच आहे. सगळे लांबच्या मागतात, तुम्हाला जवळच्या का?"

"आई मासे खात नाही तोवर."

त्याने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं, आणि कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. जवळच्या खेपा मिळतात, पण नेहमी मिळत नाहीत. बॉन्ड त्यांचा आहे.

आता आमच्या बिल्डिंगखाली बसणाऱ्या कोळणीला माझी ड्युटी माझ्या मेव्हण्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. आई टोपलीसमोर नुसती उभी राहिली तरी ती विचारते, "आला वाटतं मुलगा?" आई कल्ले उघडून बघते.

परवाच्या बुधवारी मी हैदराबादहून परतलो. जास्त दिवस लागले होते. आंघोळ करून बसलो तेव्हा आई जेवत होती. समोर तळलेले बांगडे, ताटाच्या कडेला काट्यांची ओळ. एक बांगडा तिने संपवला होता. मी शेजारी पाट ओढून बसलो. ती खाताना बोलत नाही, म्हणून मीही गप्प होतो.

बोटं चाटून झाल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "परत कधी जातलंस?"

"उद्या सकाळी. यावेळी लांब आहे."

आईने मान हलवली, आणि दुसरा बांगडा आपल्या ताटात घेतला.